टाकीत १८८, कॅलिपरमध्ये १४४: ब्रेक ऑइलचं एक प्रकरण

गाडी २०१७ सालची. पेट्रोल हॅचबॅक, एएमटी म्हणजे आपोआप बदलणाऱ्या गिअरची, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली. मालक पुण्यातले, निवृत्तीला आलेले, कागदपत्रांच्या बाबतीत अत्यंत टापटिपीचे. सात वर्षांत गाडी जेमतेम २९,००० किलोमीटर चाललेली. रोजचं ऑफिस जवळ, बाहेरगावी जायचं तर बहुतेक वेळा रेल्वे. सर्व्हिसिंग मात्र दरवर्षी न चुकता, आणि प्रत्येक पावती फाइलला लावलेली. सेकंड हँड बाजारात अशी गाडी हातोहात जाते.

मे महिन्यात घरचे चौघं सामानसुमान घेऊन महाबळेश्वरला गेले आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरले. पुढे दापोलीला जायचं होतं. घाट व्यवस्थित उतरला. शेवटी शेवटी पेडल जरा खोल जातंय असं वाटलं, पण गाडी थांबत होती. खाली आल्यावर एका टपरीवर चहा झाला. पंधरा-वीस मिनिटांनी निघाले आणि रस्त्याला लागताना समोर टेम्पो आला म्हणून ब्रेक दाबला, तर पेडल काही प्रतिकार न करता थेट खाली जाऊन टेकलं. वेग नव्हताच म्हणून बरं. हँडब्रेक खेचला आणि गाडी टेम्पोच्या अलीकडे थांबली.

जवळच्या मेकॅनिकला बोलावलं. तो येईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. त्याने पाहिलं तर पेडल घट्ट. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये. चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही, पाइप कुठे गळत नाही. ‘एअर धरली असेल’ म्हणून त्याने थोडं ऑइल वर घातलं. मंडळी जपून दापोलीला गेली आणि ताम्हिणीमार्गे परत आली. वाटेत ब्रेकने पुन्हा काही त्रास दिला नाही. घरी आल्यावर मालकांनी ऑनलाइन मागवलेला, ब्रेक ऑइल तपासायचा पेनासारखा टेस्टर टाकीत बुडवून पाहिला. हिरवा दिवा लागला. म्हणजे ऑइल चांगलं, मग दोष मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचा) असणार, असा निष्कर्ष काढून ते गाडी आमच्याकडे घेऊन आले. नवा मास्टर सिलिंडर टाकून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मास्टर सिलिंडर बदलून गाडी दिली असती तरी त्यांचं समाधान झालं असतं. शिवाय तो बदलताना थोडं नवं ऑइल जातंच, त्यामुळे पुढचे काही महिने शहरात कुणाला काही जाणवलंही नसतं. पुढच्या घाटात पेडल पुन्हा बसलं असतं.

पेडल काय सांगत होतं

ब्रेक लागत नाही, या एका तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळे आजार येतात, आणि पायाला ते वेगवेगळे लागतात. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला इंजिनाकडून व्हॅक्यूम मिळत नसेल तर पेडल दगडासारखं कडक होतं. उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांना हा अनुभव येतो. पॅड तापून त्यांची पकड गेली तर पेडल जागच्या जागीच असतं, घट्टही असतं, फक्त गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो. मास्टर सिलिंडरचे आतले वॉशर गेले असतील तर सिग्नलला पाय दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकतं, आणि हे थंड गाडीतही होतं. कुठे गळती असेल तर पातळी उतरते.

इथे यातलं काहीच नव्हतं. पेडल एकदम आणि पोकळ होऊन खाली गेलं, ते गाडी तापलेली असताना गेलं, आणि गाडी निवल्यावर दुरुस्तीशिवाय परत आलं. हे तिसरं लक्षण फार महत्त्वाचं आहे. साधी हवा एकदा आत शिरली की अर्ध्या तासात आपोआप नाहीशी होत नाही. आपोआप नाहीशी होते ती वाफ. निवली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि गॅरेजमध्ये आलेल्या गाडीत शोधायला काही उरत नाही.

तरी मास्टर सिलिंडरची चाचणी केली. इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल एकसारखं दाबून धरलं. हललं नाही. मग हलक्या पायाने, कारण वॉशरचा बारीक दोष जोरात दाबल्यावर लपतो आणि हलक्या दाबाला उघडा पडतो. तेव्हाही हललं नाही. पुढची चाकं काढली. दोन्ही डिस्कवर निळसर डाग, पॅडची कड चकाकलेली. पॅड चार मिलिमीटरच्या आसपास उरलेले, म्हणजे अजून चालतील असे. पण पातळ पॅडचा एक तोटा सहसा लक्षात घेतला जात नाही. डिस्कची उष्णता आणि कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन यांच्यामध्ये आड येणारी वस्तू म्हणजे पॅड. तो निम्म्याहून कमी झाला की पिस्टनमागच्या ऑइलपर्यंत उष्णता लवकर पोचते.

घाट उतरताना उष्णता किती

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच. पोलादपूर सावित्रीच्या काठी, जवळजवळ कोकणपट्टीच्या पातळीवर. मधलं अंतर सुमारे ४० किलोमीटर. चार माणसं आणि सामान धरून ही गाडी साडेबाराशे किलोच्या घरात. एवढं वजन १,३०० मीटर खाली आणायचं म्हणजे जवळपास १६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. विजेच्या भाषेत साडेचार युनिटला थोडीशी कमी. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध त्यातला बराच वाटा उचलतात. उरलेलं इंजिनाने पेलायचं की ब्रेकने, हे चालवणारा ठरवतो.

एएमटी गाडी ‘डी’मध्ये ठेवून उतरली की ती आपल्या समजुतीने वरच्या गिअरमध्ये जाते. पाय अॅक्सिलरेटरवर नाही, म्हणजे जोर नको, असा तिचा हिशेब. इंजिन जवळपास काहीच अडवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो, त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर. मालकांना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं: पूर्ण घाट ‘डी’मध्ये, उजवा पाय ब्रेकवर हलका टेकवलेला, कारण शेजारी बसलेल्यांना वेग नको होता. हळू चालवलं म्हणजे ब्रेक कमी तापतात असं नाही. एकसारखा हलका दाब ठेवला की डिस्कला निवायला सवडच मिळत नाही. थोडा वेळ जोरात दाबून वेग उतरवायचा, मग पाय पूर्ण उचलायचा, हे ब्रेकला कितीतरी सोसतं. आणि मुळात मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरवर उतरायला हवं. पेट्रोल वाचावं म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांसाठी जाता जाता: आजकालच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय सोडून उतरताना इंजिनाला पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं.

मग घाट संपेपर्यंत ब्रेक साथ देत होते, आणि चहानंतर गेले, हे कसं? हा प्रश्न मालकांच्या मुलाने विचारला आणि तो बरोबर होता. गाडी चालती असते तोवर डिस्कवर वारा लागतो. थांबली की वारा बंद. डिस्क अजून लालबुंद नसली तरी भरपूर तापलेली असते, आणि ती उष्णता आता पॅडमधून, पिस्टनमधून कॅलिपरच्या पोटात झिरपत राहते. डिस्क निवत असते तेव्हा ऑइल तापत असतं. त्यात आणखी एक गोष्ट. पाय पेडलवर असताना ऑइल दाबाखाली असतं आणि दाबाखालचा द्रव उशिरा उकळतो. पाय उचलला की तो दाब जातो आणि बुडबुडे धरायला वाट मिळते. पेडलच्या एका पूर्ण दाबात मास्टर सिलिंडर फार तर आठ-दहा घनसेंटिमीटर ऑइल पुढे ढकलतो. तेवढ्याच मापाची वाफ वाटेत असेल तर पाय ती वाफ दाबण्यातच संपतो.

यावर कुणी म्हणेल की ब्रेकला दोन स्वतंत्र सर्किट असतात, एक गेलं तर दुसरं असतं. खरं आहे, पण ती सोय गळतीसाठी. अशा पुढच्या चाकांना ओढ असलेल्या छोट्या गाड्यांत सर्किट तिरपी असतात: पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर, पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर. पाइप फुटला तर एका वेळी एकच फुटतो. उष्णता मात्र पुढच्या दोन्ही चाकांना एकाच वेळी भेटते, म्हणजे दोन्ही सर्किट एकाच वेळी जातात. हँडब्रेक वाचवू शकला तो केबलवर चालतो म्हणून, त्याचा ऑइलशी संबंधच नाही.

एकाच गाडीतली दोन ऑइलं

आता मुख्य गोष्ट. आम्ही बाटलीतला नमुना तापवून प्रत्यक्ष उकळबिंदू दाखवणारं यंत्र वापरतो. ते चार-पाच अंश इकडेतिकडे दाखवू शकतं, पण फसवत नाही. आधी टाकीतलं ऑइल घेतलं. रंग फिकट सोनेरी. उकळबिंदू १८८ अंश. मग पुढच्या डाव्या कॅलिपरचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी, सैल करून पहिलं निघालेलं ऑइल घेतलं. रंग कडक कोऱ्या चहासारखा. उकळबिंदू १४४ अंश.

एकाच गाडीत, एकाच पाइपच्या दोन टोकांना, ४४ अंशांचा फरक. टेस्टरचा हिरवा दिवा खोटा नव्हता. तो टाकीबद्दल बोलत होता, आणि टाकीत उकळतं कोण?

इंजिन ऑइल फिरतं, कूलंट फिरतं. ब्रेक ऑइल फिरत नाही. पेडल दाबलं की बारीक पाइपमधून थोडंसं पुढे सरकतं, सोडलं की मागे येतं. पाइपची बाहेरची जाडी पाच मिलिमीटरहूनही कमी, लांबी काही मीटर. टाकीत घातलेलं नवं ऑइल कॅलिपरपर्यंत पोचावं अशी काही वाटच नाही. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे येतो आणि तेवढं ऑइल खाली उतरतं, इतकाच काय तो प्रवास. पाणी मात्र उलट बाजूने येतं. हे ऑइल ग्लायकॉल जातीचं, हवेतला ओलावा शोषून घेणारं. चाकाजवळच्या रबरी होजच्या भिंतींतून ओलावा वर्षानुवर्षं आत मुरतो, टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला असलेल्या फटीतूनही येतो. म्हणजे जिथे सर्वांत जास्त तापतं तिथेच सर्वांत जास्त ओलं ऑइल, आणि जिथे आपण तपासतो तिथे सर्वांत कोरडं.

पेनासारख्या टेस्टरबद्दल माझं मत आधीपासून बरं नाही. तो ऑइलमधून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतो. ऑइल बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची रसायनं वेगळी, त्यामुळे कोरं ऑइलही कधी पिवळा दिवा लावतं. आणि बुडवायची सोय फक्त टाकीत.

आकड्यांकडे वळू. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं छापलेलं होतं. अमेरिकेच्या ११६ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात या प्रती ठरलेल्या आहेत आणि जगभर त्याच नावांनी चालतात. डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, ओलं झाल्यावर किमान १४०. डॉट ४ साठी २३० आणि १५५. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ‘ओलं’ म्हणजे मोघम नव्हे: चाचणीच्या त्या मापात सुमारे ३.७ टक्के पाणी धरलेलं आहे. छोट्या गाडीत अर्धा लिटरच्या आसपास ऑइल असतं, म्हणजे चहाचे चार चमचे पाणी. चार चमच्यांनी उकळबिंदू ६५ ते ८० अंशांनी खाली येतो.

आमच्या नमुन्याचे १४४ अंश पाहता गाडीतलं मूळचं ऑइल डॉट ३ असेल तर ते ओल्या मर्यादेच्या काठावर होतं, आणि डॉट ४ असेल तर मर्यादा केव्हाच ओलांडली होती. शहरात कॅलिपर इतकं तापत नाही. म्हणून सात वर्षं काही झालं नाही, आणि ‘काही होत नाही’ हाच पुरावा धरला गेला.

फाइलमधल्या पावत्या

मालकांनी फाइल पुढे केली, थोड्या ताठरपणेच. सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या होत्या. सहा ठिकाणी ‘ब्रेक ऑइल: तपासलं’. दोन ठिकाणी ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’, सोबत किरकोळ रक्कम. ‘बदललं’ कुठेही नाही. मालक टॉप-अपलाच बदलणं समजत होते, आणि सर्व्हिस सेंटरने खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. गाडीच्या पुस्तिकेत दोन वर्षांनी बदला असं स्वच्छ छापलेलं. पण सर्व्हिसिंगचं गणित बहुतेक ठिकाणी किलोमीटरवर चालतं, आणि ही गाडी किलोमीटरच्या हिशेबाने अजून बाळ होती. ब्रेक ऑइल कॅलेंडरने म्हातारं होतं. उभ्या गाडीतही तितकंच.

टॉप-अपचं आणखी एक. गळती नसताना पातळी उतरते ती पॅड झिजल्यामुळे. म्हणजे उतरलेली पातळी ही पॅड बघा अशी सूचना असते. वरून ऑइल घातलं की ती सूचना पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की टाकी वर येऊन रंगावर सांडते. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, फडक्याने पुसत बसायचं नाही.

काम कसं झालं

टाकीतलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून घेतलं, टाकीचा तळ लिंट न सोडणाऱ्या फडक्याने पुसला. तळाला काळपट गाळ होता. मग सीलबंद बाटलीतलं नवं डॉट ४ भरलं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच कुळातली. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, त्याची यांच्याशी सोयरीक नाही, आणि नावातल्या एका टिंबामुळे ५ आणि ५.१ यांची गल्लत होते ती टाळायची. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून टाकीत गेलं तर सगळे रबरी वॉशर फुगतात आणि पूर्ण ब्रेक खोलावा लागतो.

एअर काढण्याचा क्रम त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवला. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्यामुळे सहसा मागचं डावं चाक सर्वांत लांबचं, पण तिरप्या सर्किटमध्ये कंपन्या वेगवेगळे क्रम देतात. एक माणूस पेडलवर, एक निपलशी, निपलला पारदर्शक नळी. पेडल मारणाऱ्याला सांगितलं होतं की पाय तळापर्यंत नेऊ नको. जुन्या मास्टर सिलिंडरचा जो भाग कधी वापरात आलेला नसतो तिथे गंज असतो, आणि वॉशर त्यावर घासून फाटला की खरोखरच मास्टर सिलिंडर बदलायची वेळ येते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं.

पुढची दोन चाकं सरळ झाली. मागच्या डाव्या चाकाने सगळी दुपार घेतली. निपलची रबरी टोपी कधीच पडून गेलेली, आत चिखल आणि गंज. आठच्या रिंग पान्याने हलेना. गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, हलक्या हातोडीने ठोकलं, पुन्हा प्रयत्न केला आणि निपल मानेतून तुटला. तो व्हील सिलिंडर (मागच्या ड्रम ब्रेकमध्ये ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) बदलावा लागला. ड्रम उघडल्यावर दिसलं की सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडायला लागले होते, म्हणजे तो थोड्या दिवसांचाच सोबती होता. नवं ऑइल गंज रोखणारी रसायनं घेऊन येतं आणि ती रसायनं काळाबरोबर संपतात. उकळण्याची भीती सगळ्यांना कळते, गंजाची कळत नाही, कारण ती पेडलला लागत नाही. कधीच घाटात न जाणाऱ्या गाडीलाही ती लागू आहे, आणि एबीएसच्या ब्लॉकमधल्या बारीक झडपांना तर सर्वांत जास्त. तो ब्लॉक गेला तर अख्ख्या आयुष्यातल्या ऑइलबदलांपेक्षा कितीतरी जास्त पैसे एका दिवसात जातात.

दर दोन वर्षांनी निपल सैल होत राहिला असता तर तो तुटलाही नसता.

या गाडीचा क्लच केबलचा नव्हता, पण त्याची यंत्रणा ब्रेकच्या टाकीशी जोडलेलीही नव्हती. पुष्कळ मॅन्युअल गाड्यांत हायड्रॉलिक क्लच ब्रेकच्याच टाकीतून ऑइल घेतो. तिथे चार चाकं करून क्लचचं जुनं ऑइल तसंच सोडतात, हे सर्रास दिसतं. तोही निपल उघडायला लावायचा.

मग किती दिवसांनी?

पुस्तिकांमध्ये मतभेद आहेत, पण फार नाहीत. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू दोन वर्षं म्हणतात. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांना पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी. होंडाच्या पुष्कळ गाड्यांना तीन वर्षं. एक विचार असाही आहे की मुदत कशाला, मोजा आणि खराब असेल तेव्हाच बदला. तत्त्व म्हणून ते मला पटतं. पण नीट मोजायचं तर कॅलिपरचा निपल उघडून नमुना घ्यायला हवा, आणि निपल उघडून माणूस खाली बसलाच आहे तर उरलेलं काम तासाभराचं. अर्धा लिटर चांगल्या ऑइलची बाटली दोनशे ते चारशे रुपयांत येते, मजुरी वेगळी. मजुरी महाग असलेल्या देशांत मोजण्याचा आग्रह समजू शकतो. इथे मी सरळ बदलतो.

माझा हिशेब असा. साधी घरची गाडी, शहरात चालणारी, वर्षातून एखाद-दुसरा घाट: दोन वर्षं, किलोमीटर कितीही कमी असोत. किनारपट्टीवरच्या गाडीलाही दोनच, पण तिथे टाळाटाळ नको. रत्नागिरी-मालवणच्या हवेत निपल पुण्यापेक्षा लवकर धरतात. सोलापूर-लातूरकडच्या कोरड्या, सपाट मुलखातली गाडी तिसऱ्या वर्षापर्यंत गेली तर मी ओरडणार नाही. महाबळेश्वर, माथेरानचा पायथा, आंबोली इथे रोज घाट चढणारी-उतरणारी टॅक्सी असेल तर दर वर्षी, मे महिन्याची गर्दी सुरू होण्याआधी. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचे ब्रेक मोटरमुळे कमी वापरले जातात, त्यामुळे पॅड टिकतात, पण ओलावा मुरायचा तो मुरतोच. तिथेही पुस्तिकेतली मुदत पाळायची. डिस्क ब्रेकच्या मोटारसायकलची टाकी तर लहानशी. तिचं ऑइल कुणी बदलल्याचं मला क्वचितच दिसतं.

दुसऱ्या टोकाचंही सांगायला हवं. दर १०,००० किलोमीटरला ‘ब्रेक सर्व्हिस पॅकेज’च्या नावाखाली ऑइल बदलायला लावणारे आहेत. शहरातल्या गाडीला त्याची गरज नाही. आणि पैसे घेऊन फक्त टाकीतलं ऑइल उपसून नवं भरणारेही आहेत. ते तर या प्रकरणातल्या टॉप-अपचीच मोठी आवृत्ती. ओळखायचं कसं? निघालेलं जुनं ऑइल दाखवायला सांगा. टाकीभर असेल तर शंभर-दीडशे मिली असतं, पूर्ण यंत्रणेचं असेल तर त्याच्या तिप्पट-चौपट, आणि शेवटी शेवटी रंग फिका होत गेलेला. निपलवरची धूळ पुसलेली आहे का, रबरी टोप्या जागेवर आहेत का, तेही बघा. बाटलीचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. गॅरेजच्या फळीवर झाकण अर्धवट लावून ठेवलेली बाटली पावसाळाभर पाणी पीत बसलेली असते.

या गाडीत नवं ऑइल भरल्यावर चारही निपलमधून फिकट ऑइल येईपर्यंत काढलं आणि पुढच्या डाव्या कॅलिपरचा नमुना पुन्हा तापवला: २२६ अंश. बाटलीवरचे २३० पूर्ण मिळाले नाहीत. एवढा फरक यंत्राच्या चार-पाच अंशांतही बसतो, पण एबीएसच्या ब्लॉकमध्ये काही जुनं ऑइल अडकून राहतंच. ते पूर्ण काढायचं तर स्कॅनर लावून झडपा उघडाव्या लागतात. ब्लॉकमध्ये हवा शिरली असेल तर ते अनिवार्य असतं. इथे शिरली नव्हती, म्हणून त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. ब्लॉकमधलं उरलेलं ऑइल हळूहळू बाकीच्यात मिसळेल म्हणून सहा महिन्यांनी फक्त पुढची दोन चाकं पुन्हा काढायची ठरली. पॅडचा नवा जोड टाकला. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला. मालकांनी फाइलच्या पहिल्या पानावर, इन्शुरन्सच्या तारखेखाली, ब्रेक ऑइलची तारीख लिहून घेतली, आणि ‘टॉप-अप नाही’ असं त्याच्यापुढे लाल पेनाने.